पीठ घरी आणायचं राहिलं

मी पत्रकं लिहिते. विडी वळणाऱ्या बायकांच्या संघटनेत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला सांगण्यात आलं, एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची, आणि पत्रक वाचायला बाईला हातातली विडी खाली ठेवावी लागली तर ते पत्रक नापास. मला तेवढंच येतं. तेव्हा हेही तसंच सांगते. माझी आई वारली. तिचा आवाज मी हरवला. तो कुणी चोरला नाही, जळाला नाही, भिजला नाही. मी स्वतः तो सगळ्यात सुरक्षित जागी नेऊन ठेवला आणि त्या जागेचं दार मिटलं.

त्या जागेला क्लाऊड म्हणतात.

त्यावर मी चार पानी पत्रक काढलं होतं. शेवटच्या पानावर फायदे आणि तोटे. फायदे नऊ. तोटे दोन: इंटरनेट लागतं, आणि पासवर्ड विसरून चालत नाही. दोनच. तिसरा मला ठाऊक नव्हता असं म्हणायची सोय नाही. तो आईनं मला चार बायकांदेखत सांगितला होता. मी छापला नाही.

आम्ही सोलापूरजवळ कुंभारीला, विडी कामगारांच्या घरकुलात राहतो. दोन खोल्या, पुढं ओटा. आई त्या ओट्यावर बसायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, नखानं तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. हे सगळं बोलत बोलत. तिचं बोलणं थांबलं की समजायचं, हात दुखतायत.

आणि पाण्यावर लक्ष. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी येईल ते कुणी सांगत नाही. गल्लीचा व्हॉल्व्ह आमच्या ओट्याजवळ. पाइपात खुळखुळ झाली की आईला आधी कळायची. पूर्वी ती हाका मारायची. फोन आल्यावर शेजारच्या अक्काला आवाजाचा निरोप पाठवायला लागली. अक्का म्हणजे तेलुगू बोलणारी, आईच्याच वयाची, आईच्याच कारखान्याला माल देणारी. दोघींच्या घरात भिंत एकच. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. पण आईला ते बटण दाबून बोलायची मौज वाटायची.

क्लाऊडचं खूळ माझ्या डोक्यात आलं ते उंदरांमुळं. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका मावशीचं विडी कार्ड आणि कामाची वही उंदरांनी कुरतडली. ती पेन्शनच्या अर्जासाठी कचेरीत गेली, मी सोबत होते. साहेब म्हणाले, पुरावा. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट वाकडं झालेलं, नखं पिवळी.

"ही बघा की बोटं," ती म्हणाली.

"बोटं पुरावा होत नाहीत, बाई."

मी तिथं इतकी ओरडले की शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर आल्यावर ठरवलं, घरकुलातल्या प्रत्येक बाईच्या कार्डाचा, वहीच्या पानापानाचा फोटो काढायचा आणि उंदीर पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवायचा.

पहिली बैठक आमच्याच ओट्यावर झाली. दहा-बारा बायका, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, कात्र्या चालू. मी म्हणाले, "क्लाऊड म्हणजे ढग."

आईनं मान वर न करता म्हटलं, "मग गेलंच म्हण की. सोलापुरावर ढग थांबतंय व्हय कधी?"

सगळ्या हसल्या. मला राग आला. मी पत्रकासाठी जुळवलेलं उदाहरण घेतलं. घरात पिठाची गिरणी कोण ठेवतं? कुणीच नाही. मोटार कोण सांभाळणार, दगडाला टाकी कोण लावणार? ते गिरणीवाला बघतो. आपण डबा घेऊन जायचं. क्लाऊड तसंच आहे. तो आभाळात नाही, जमिनीवरच आहे. कुठंतरी लांब मोठमोठ्या इमारती आहेत, आत कॉम्प्युटर रांगेनं मांडलेले. त्यांना गार ठेवायला यंत्रं, लाईट गेली तर जनरेटर, दाराशी पहारा. आपण इथून फोटो पाठवला की तो तिथं जाऊन बसतो, आणि एकाच इमारतीत नाही, दोन-तीन ठिकाणी. एक जळाली तरी दुसरी आहे. तुमचा फोन फुटला, बुडाला, हरवला, तरी दुसऱ्या कुठल्याही फोनवरून आपलं नाव आणि पासवर्ड सांगायचा, फोटो समोर. म्हणजे काय, तर दुसऱ्याचं कॉम्प्युटर आपण वापरायचं, त्याची काळजी त्यानं घ्यायची.

आईनं कात्री थांबवली.

"गिरणीत डबा आमी बी नेतो," ती म्हणाली. "पर पीठ घरी आणतो की. तू म्हणतीस पीठ तितंच ठिवा, भाकरीच्या वेळंला मागून घ्या. आन गिरणी बंद असली म्हंजे?"

"ही गिरणी बंद होत नसते, आई."

"गिरणीवाला मला वळखल का?"

"पासवर्ड सांगितला की ओळखतो."

"तोंड बघून न्हाय?"

"नाही."

"मग त्यो मला वळखतच न्हाय. पासवर्डला वळखतोय." आणि ती पुन्हा पान कापायला लागली.

बायका पुन्हा हसल्या. मी पुढच्या मुद्द्यावर गेले. चळवळीत आम्हाला एक वाईट खोड लागते, आक्षेप आला की पुढच्या मुद्द्यावर जायचं.

आणि काम झालं! ते नाकारून मी खोटं बोलणार नाही. दोन महिन्यांत शंभरावर कार्डं वर गेली. एकीचा फोन पाण्याच्या बॅरलमध्ये पडला, कार्ड तर त्याआधीच फाटलेलं. कचेरीत त्याच साहेबांसमोर मी माझ्या फोनवर तिला तिचं खातं उघडायला लावलं. तिनं स्वतः पासवर्ड टाकला, साहेबांना पाठ करून बसायला सांगून. वहीचं पान न् पान समोर आलं. साहेबांनी ते छापून घेतलं, सही केली. त्या दिवशी आम्ही कचेरीबाहेर रस्त्यावर उभं राहून उसाचा रस प्यायलो आणि मला वाटलं, जग बदलायला एवढंच लागतं.

खाती कुणाच्या नावानं काढायची यावर संघटनेत भांडण झालं होतं. काहींचं म्हणणं, सगळं संघटनेच्या एकाच खात्यात ठेवू, सोपं जाईल. मी उभी राहिले. म्हटलं, कारखान्यानं बायकांच्या वह्या स्वतःच्या कपाटात ठेवल्या, आता आपणही तेच करायचं? बाईचं कार्ड बाईच्या नावावर, बाईच्या नंबरावर, पासवर्ड बाईच्या डोक्यात. टाळ्या पडल्या. मग मी पत्रकात जाड अक्षरात घातलं: पासवर्ड नवऱ्याला सांगू नका, मुलांना सांगू नका, आम्हालाही सांगू नका. आणि ओटीपी, म्हणजे फोनवर येणारा तो सहा आकडी नंबर, तो तर मुळीच नाही. साहेब म्हणून कुणी मागितला तरी देऊ नका. कुणी रडून मागितला तरी देऊ नका.

हे शेवटचं वाक्य माझं. आमच्या गल्लीतल्या एकीला फोनवर रडणाऱ्या बाईनंच फसवलं होतं.

आईला लिहिता येत नव्हतं, पण आकडे येत होते. विड्या मोजणाऱ्याला ते येतातच. तिचा पासवर्ड सगळा आकड्यांचा होता. टाकताना तिनं फोन पदराखाली घेतला.

"मला तरी सांग की," मी म्हणाले.

"तूच म्हणालीस न्हवं? पोटच्या पोरीला बी न्हाय." आणि शाळेत पहिल्यांदा बरोबर उत्तर दिलेल्या पोरीसारखी हसली.

त्यानंतर जनसुनावणी ठरली. कामगार बायकांनी पंचांसमोर आपापलं आयुष्य सांगायचं. मी आईला म्हणाले, तू बोल, मी लिहून घेते. ती दोन वाक्यं बोलून गप्प झाली.

"तू समोर बसलीस की मी पत्रकासारखी बोलतीया," ती म्हणाली. "तू जा तुज्या ऑफिसला."

मग मी तिला फोनवरचं लाल बटण दाखवलं. दाबलं की आवाज भरायला लागतो, परत दाबलं की थांबतो. ती दुपारी एकटीच बोलायला लागली. फोन सुपाच्या कडेला टेकवून, विड्या वळत. संध्याकाळी मी विचारायची, आज बोललीस का. "व्हय, लई बोलले." काय बोललीस? "ऐक की नंतर. मी मेल्यावर ऐकशील तर लई रडशील, म्हणून आत्ताच ऐक." असं म्हणायची आणि हसायची.

मी आत्ता ऐकलं नाही. मला वेळ नव्हता. मोर्चे होते, सह्यांची मोहीम होती, दुसऱ्यांच्या आयांचे अर्ज होते. चाळीसच्या वर ध्वनिफिती झाल्या होत्या. मी फक्त एक पूर्ण ऐकली. तिच्यात ती सांगते की मी तान्ही असताना ती माझ्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची. दोन्ही हात विडीला मोकळे, आणि पाय हलवत राहायचा. मी झोपले तरी पाय थांबायचा नाही, सवयीनं हलायचा. "तुजा झोका माज्या अंगठ्याला. आजबी झोपंत हलतोय, बघ एकदा." मागं कात्रीचा आवाज. बाकीच्या निवांत ऐकू म्हटलं.

तिचा फोन स्वस्तातला. जागा भरली, भरली म्हणून सारखा ओरडायचा. मग मीच त्यात एक सोय चालू करून दिली: भरलेला आवाज आपोआप वर जायचा आणि वर पोचला की खालून पुसला जायचा.

"कुटं गेलं सगळं?" तिनं घाबरून विचारलं.

"वर. खाली आता काही नाही. फोन मोकळा."

"खाली कायच न्हाय?"

"कशाला पाहिजे? वर आहे ना."

तिनं फोन परत सुपाच्या कडेला टेकवला. तिनं ते दळणाचं पुन्हा काढलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्यावर विश्वास ठेवायचं तिनं ठरवलं होतं, आणि एकदा ठरवलं की ती मोडायची नाही.

खोकला जुना होता. तंबाखूत बसणाऱ्या कुणाला नसतो? त्या खेपेला मात्र तो थांबला नाही. सरकारी दवाखान्यात ती नऊ दिवस होती. त्या नऊ दिवसांत मी तिला पासवर्ड विचारू शकले असते. रोज आठवत होतं. विचारला नाही, कारण विचारला असता तर मी काय धरून चालले आहे ते तिला कळलं असतं. शेवटच्या दुपारी ती झोपली होती आणि तिचा उजवा पाय चादरीखाली हलत होता. मी त्यावर हात ठेवला. तरी हलत राहिला. मग थांबला.

आमच्याकडं माणूस गेलं की त्याच्या वस्तू पेटीत घालून ठेवत नाहीत, वापरणाऱ्याला देतात. जलदान विधीच्या दिवशी आईची लुगडी, चपला, छत्री, सूप सगळं वाटलं. कात्री अक्कानं मागून घेतली. फोन वेळापूरच्या मावशीला द्यायचा ठरला, आईची धाकटी बहीण, तिच्याकडं फोनच नव्हता. मी तो साफ करून घ्यायला नवी पेठेतल्या मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "यात काही ठेवायचंय का, ताई? फॉरमॅट मारला की सगळं साफ होतंय."

"नाही. सगळं वर आहे."

त्यानं पुन्हा विचारलं, "फोटोबिटो, काही? आईचा हाय म्हणालात."

"सगळं वर आहे हो. मारा."

त्याचं कौतुक करायला हवं. परक्या माणसानं दोनदा विचारलं. आईचं सिम काढून मी आधार कार्डाच्या पाकिटात ठेवलं. त्यावर रिचार्ज मारत राहायला पाहिजे हे माझ्या डोक्यात आलं नाही. मेलेल्या बाईचा नंबर जिवंत ठेवावा लागतो, असं माझ्या चार पानांत कुठंच नव्हतं.

जनसुनावणी पुढं ढकलली गेली होती. पुन्हा ठरली तेव्हा आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. मी ठरवलं, आई तिथं बोलेल. माझ्या ऐवजी तीच. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तिचं खातं उघडायला बसले. त्यानं पासवर्ड विचारला. तिचं जन्मसाल म्हणून कार्डावर लिहिलेलं ते टाकून पाहिलं, माझी जन्मतारीख, घराचा नंबर, कार्डाचा नंबर. नाही. विसरलात का, असं त्यानं विचारलं आणि तिच्या नंबरावर कोड पाठवतो म्हणाला. मी पाकिटातलं सिम फोनमध्ये घातलं. सिम मेलेलं. मोबाईल कंपनीच्या खिडकीवरच्या मुलीनं सांगितलं, नंबर कधीच बंद झाला, आता तो दुसऱ्या कुणाला दिलाय.

मग क्लाऊडवाल्या कंपनीला लिहिलं. मृत्यूचा दाखला जोडला, माझा आधार जोडला, आईचा जोडला. उत्तर लगेच आलं, इतकं लगेच की कुणी वाचलं नव्हतं हे उघड होतं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. खातेदाराच्या गोपनीयतेसाठी आम्ही माहिती देऊ शकत नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच दुःख, तोच सहभाग, स्वल्पविरामसुद्धा तोच. मला जे येतं ते त्या जागेपुढं चालत नव्हतं. कचेरी असली की तिला फाटक असतं. फाटकासमोर बसता येतं, घोषणा देता येतात, साहेब बाहेर येईपर्यंत उठायचं नाही. या कंपनीला फाटकच नाही! मोर्चा न्यायचा तर कुठं? मला दंडाला धरून बाहेर काढायला तिथं एक शिपाईसुद्धा नाही.

मग मी आईच्या नंबराला फोन लावला.

बाईनं उचलला. मागं शेळ्या ओरडत होत्या.

"कोण बोलतंय?"

मी सगळं सांगितलं. हा नंबर माझ्या आईचा होता, ती वारली, एक कोड येईल, तो मला सांगा.

"कोड म्हंजे ओटीपी व्हय?"

"हो."

"आगं बया!" आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. आवाज ओळखून ती म्हणाली, "हे बघ बाई, आमच्या सुनंच्या मोबाईलवर आलंय, तिनं वाचून दाखवलंय. साहेब म्हणून मागितला तरी द्यायचा न्हाय. कुणी रडून मागितला तरी द्यायचा न्हाय. आन तू रडतीयास."

मी रडतच होते. ते वाक्य कुठल्या कुठं फिरत तिच्यापर्यंत पोचलं होतं, ते माझं होतं हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आसं समदेच म्हणत असतील." बरोबर होतं तिचं. मी शिकवलेल्या कुठल्याही बाईनं हेच केलं असतं.

तिसऱ्या वेळी ती जरा नरमली. "फोनवर काय न्हाय. हितं ये. तोंड बघून सांगते." आणि गावाचं नाव सांगितलं.

सांगोल्याच्या पुढं एक वाडी. दोन एसटी बदलून, पुढं चालत. बाभळी, दगड, शेळ्या. ती बाई आईपेक्षा थोडी मोठी निघाली. मला बसायला वाकळ टाकली, तांब्याभर पाणी दिलं आणि समोर बसून माझ्याकडं बघत राहिली. मी पिशवीतून आईचा फोटो काढला. तिनं तो हातात घेतला, मग माझ्याकडं पाहिलं, मग परत फोटोकडं.

"नाक तिचंच हाय," ती म्हणाली. "बोल, काय करायचं?"

तोंड बघून ओळखलं. एवढ्या मोठ्या इमारतींना जे जमलं नाही ते हिला एका वाकळेवर बसून जमलं.

मी माझ्या फोनवर आईचं खातं उघडायला घेतलं. नंबर टाकला. कोड तिच्या फोनवर येईल म्हणून आम्ही दोघी तिचा फोन मध्ये ठेवून बसलो. कोड आला नाही. माझ्या फोनवर अक्षरं आली: हा नंबर या खात्याशी जोडलेला नाही.

पुन्हा टाकला. तेच.

आतून सून आली. ती शिकलेली होती, तिनं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुमचे सारखे फोन यायला लागले तसं आत्याबाई लई घाबरल्या. मग मी त्यांच्या नंबरावर त्यांचं स्वतःचं खातं काढलं. त्यानं विचारलं, हा नंबर आधीच कुणाच्या तरी खात्याला आहे, तिथून काढून इकडं घेऊ का. मी हो दाबलं. म्हटलं, परत कुणी त्रास द्यायला नको."

"कधी?"

"मागच्या रविवारी."

मागच्या रविवारपर्यंत दार उघडं होतं. मी फोन करत बसले. पहिल्याच दिवशी गाव विचारून एसटीत बसायला हवं होतं.

म्हातारीनं विचारलं, "म्हंजे माज्यामुळं गेलं का गं तुज्या आईचं?"

"नाही, आत्या," मी म्हणाले. "माझ्यामुळं."

तिनं माझा हात धरून ठेवला. परतताना सुनेनं एसटीपर्यंत सोडलं आणि वाटेत चार वेळा माफी मागितली. मी तिला म्हणाले, तू बरोबर केलंस, पत्रकात लिहिलंय तसंच केलंस. हे मी मनापासून म्हणाले. तरी गाडी सुटल्यावर मला तिचा राग आला, आणि आपल्याला राग येतोय याची लाज वाटली.

आईचा आवाज अजून आहे. ते लोक पुसत नाहीत, निदान इतक्यात तरी नाही. कुठल्या तरी थंड खोलीत, पहाऱ्यात, दोन-तीन प्रतींत ती विड्या वळत बोलते आहे. तिथं उंदीर नाहीत. मीही नाही.

माझ्या फोनवर तिचा एकही शब्द नव्हता. मला ती सरळ फोनच करायची, आणि आलेले निरोप माझ्या फोनवर सात दिवसांत आपोआप पुसले जात. कामाच्या माणसानं असंच ठेवावं हेही मीच सगळ्यांना सांगत होते.

सुनावणीच्या आदल्या दिवशी अक्का ओट्यावर बसून पानं कापत होती, आईच्या कात्रीनं. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ए पिल्ला, आई माझ्याकडं हाय ना."

मला वाटलं, म्हातारी समाधानाचं काहीतरी बोलते आहे. तिनं फोन माझ्यासमोर टाकला. "मला ते पुसायला येत नाय. सगळा कचरा आतच हाय. शेवटचा बघ."

त्यात निरोपांची रांग होती. तिनं फोन मध्ये एकदा बदलला होता, त्यामुळं जुने गेले होते. आईचा एकच उरला होता. अकरा सेकंदांचा. मी लगेच तो माझ्या फोनवर घेतला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घेतला. दोन पेन ड्राइव्हवर घेतला, एक अक्काच्या ट्रंकेत, एक आमच्या घरी. आणि वरही ठेवला. हो, क्लाऊडवर. ती जागा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तिच्यामुळं एका बाईला तिची वही मिळाली हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण तिथं ठेवलं म्हणजे घरी ठेवलं असं नव्हे, आणि हे मला आईनं ओट्यावर बसून, मान वर न करता सांगितलं होतं. नव्या पत्रकात तोटे आता बरेच आहेत. तिसरा तिच्या शब्दांत आहे: पीठ घरी आणा. चौथा माझा: माणूस गेलं तरी त्याचा नंबर बंद पडू देऊ नका. पाचवा लिहायला मला चार दिवस लागले: पासवर्ड एका माणसाला सांगून ठेवा, ज्याचं तोंड तुम्ही ओळखता.

सुनावणीत माझं नाव पुकारलं. समोर पंच, मागं घरकुलातल्या सगळ्या बायका. मी म्हणाले, माझी आई बोलणार होती. चाळीसच्या वर वेळा बोलली होती. तेवढं माझ्याकडून गेलं. उरलंय ते ऐकवते. आणि फोन माईकला लावला.

"अक्का, पाणी आलंय गं. ऊठ. घागरी लाव लवकर. निजलीस का मेलीस?"

बायका खळाळून हसल्या. ओळखीचीच हाक होती ती, दोघी-तिघी तर खुर्चीतून अर्ध्या उठल्यासुद्धा. मग एकेक करत गप्प झाल्या. अक्कानं तोंडावर पदर घेतला.

पंचांपैकी एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी नरमाईनं विचारलं, "यात कामाबद्दल काही नाहीये का, बाळ?"

"आहे," मी म्हणाले. "पुन्हा लावते. ती काय बोलते ते ऐकू नका. मागं ऐका."

पुन्हा लावलं. या वेळी कुणी हसलं नाही. आईच्या आवाजाच्या मागं, अकरा सेकंदांत सहा वेळा, कात्री वाजत होती. पाणी आलं हे सांगायलासुद्धा तिनं ती खाली ठेवली नव्हती.